आमच्या ट्रकला तेल कमी पडू दिलं नाही

आमच्या घरात ट्रकला माणसात धरतात. घरातल्या माणसाला ताप आला तर 'उतरेल दोन दिवसांत' म्हणून सोडून देतात. ट्रकखाली तेलाचा थेंब दिसला तर मात्र जेवणाची ताटं झाकून सगळे अंगणात जमतात.

याला कारण आमचे वडील, तात्या. तात्यांनी उभी हयात ट्रक चालवला. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा पहिला ट्रक ऐन घाटात बसला. बसला म्हणजे इंजिनातलं तेल संपलं, आणि इंजिन जाम झालं ते झालंच. तात्यांनी तो ट्रक विकला आणि पुढं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. पण धडा तेवढा ठेवून घेतला, आणि तो आम्हा दोघा भावांना, घरात आलेल्या सुनांना (आणि एकदा चहाला थांबलेल्या विमा एजंटालाही) शिकवला. तात्या म्हणायचे, "डिझेल संपलं तर गाडी थांबती. तेल संपलं तर घर थांबतं."

त्यामुळं आमच्याकडं लहानपणी पोरं पाढे शिकायच्या आधी इंजिनची पट्टी बघायला शिकायची. पट्टी म्हणजे तेल मोजायची लांब सळई. ती ओढून काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालायची आणि काढून बघायचं, तेल वरच्या खुणेला आहे की खालच्या. खालच्या खुणेला दिसलं की तात्यांच्या चेहऱ्यावर घाट दिसायला लागायचा.

आम्ही दोघं भाऊ. मी महेश, थोरला. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे आणि निगडीला प्राधिकरणात फ्लॅटमध्ये राहतो. धाकटा संजू भोसरीपलीकडच्या आमच्या जुन्या गावठाणात, तात्या, आई, बायको रूपाली आणि लहान पोरासोबत राहतो. संजूनं बरीच वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या आणि गेल्या वर्षी स्वतःचा ट्रक घेतला. वापरलेला, पण स्वतःचा. ट्रक अंगणात आला त्या दिवशी तात्या त्याच्या टायरवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. डोळ्यात धूळ गेली म्हणाले. त्या दिवशी वारा नव्हता.

नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि संजूनं सगळ्यांना समोर बसवून जाहीर केलं, "हे बघा, आधीच सांगतो. गाडी माझी हाय. तेलपाण्याचं मी बघीन. कुणी हात लावायचा न्हाई."

"बरं," तात्या म्हणाले.

"बरं," आई म्हणाली.

रूपालीनं मान हलवली. मीही "अगदी बरोबर" म्हणालो. इतक्या पटकन आमच्या घरात कुणीच कशाला हो म्हणत नाही. शंका तिथंच यायला हवी होती.

ट्रक अंगणात उभा राहायचा तो घराकडं तोंड करून. हा आईचा नियम. आई रोज सकाळी देवाची पूजा झाली की हळदीकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर येते आणि ट्रकच्या कपाळाला बोट लावते. पाठ फिरवून उभ्या राहिलेल्याला कुंकू कसं लावायचं, असा तिचा सवाल होता. तात्यांचा ट्रक असाच उभा राहायचा, म्हणून संजूचाही.

आता मी काय करायचो ते सांगतो. दर रविवारी मी घरी जेवायला यायचो. जेवण झालं की संजू जरा लवंडायचा. मग मी सहज फिरतोय असं दाखवत ट्रकच्या केबिनमागं जायचो आणि पट्टी काढायचो. तेल खालच्या खुणेला! दर वेळी. मला वाटायचं, बिचारा संजू. दिवसभर गाडी चालवतो, कुठं लक्ष देणार. धाकटा भाऊ आहे, त्याचा मान ठेवायचा, पण इंजिन मरू द्यायचं नाही. म्हणून माझ्या कारच्या डिकीत चांगल्यातलं तेल ठेवलेलं असायचं, त्यातला एक डबा गुपचूप ओतायचो. रिकामा डबा पुन्हा डिकीत. निगडीला परत जाताना मला आपण फार थोर मोठा भाऊ असल्याची जाणीव व्हायची आणि ती साधारण भोसरीच्या सिग्नलपर्यंत टिकायची.

असं चाललं होतं, तेवढ्यात संजूकडं एक संधी चालून आली. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत रोजची फेरी. नुसतं काम नव्हे, कायमचं काम. लोकांच्या फोनची वाट बघत नाक्यावर उभं राहणं बंद. रूपालीनं तर पोराच्या शाळेचं सगळं ठरवूनही टाकलं होतं. फक्त एक अट होती. गेटवर गाडी तपासायची. कंपनीचा वॉचमन इंजिनखाली पांढरा पुठ्ठा सरकवतो, गाडी चालू ठेवून थोडा वेळ उभी करतो, आणि पुठ्ठ्यावर तेलाचा थेंब पडला तर गाडी परत. आत शोरूमसारखी फरशी आहे म्हणे.

शुक्रवारी संजू गाडी घेऊन गेला. पुठ्ठ्यावर थेंब पडला. काळा, टपोरा, गाडीच्या मालकासारखा ठसठशीत.

वॉचमन म्हणाला, "सोमवारी परत आणा. त्या दिवशी कोरडी दिसली तर आत. नाहीतर मागं दुसरा नंबर लागलाय."

संजूचा मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. "दादा, इंजिनच्या मागं सगळं तेल तेल झालंय. काय करू?"

मी कंपनीत मशीनच्या गळत्या शोधतो. माझ्या टेबलावर त्याचं प्रमाणपत्र लावलेलं आहे. मी म्हणालो, "काही करू नकोस. मी येतो." 'मी येतो' ह्या दोन शब्दांनी आमच्या घराण्याचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुणी केलं नाही.

शनिवारी सुट्टी घेऊन सकाळीच पोचलो. केबिन पुढं कलवली, इंजिन उघडं केलं आणि वाकून पाहिलं. पुढचा भाग ठीक होता. पण पाठीमागं, जिथं इंजिनला गिअरबॉक्स चिकटतो, तिथं सगळं काळं, ओलं, चकचकीत. वरून ओघळ आणि खालच्या कडेला थेंब लोंबतोय. मी मान डोलावली. डॉक्टर एक्स-रे बघून डोलावतात तशी.

"संजू, आधी कारण शोधायचं. आमच्याकडं पद्धत आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला खरं कारण हाती लागतं." मी खडूनं अंगणातच लिहायला घेतलं. तात्या कट्ट्यावर बसून बघत होते.

"तात्या, तेल का गळतंय?"

"तेल हाय म्हनून गळतंय."

"तसं नाही तात्या. नीट विचार करून सांगा."

"इचार करूनच सांगितलं. नसतं तर गळलं नसतं."

मी तात्यांना सोडून दिलं आणि पुढचे चार 'का' स्वतःच स्वतःला विचारले. स्वतःची उत्तरं स्वतःला नेहमीच पटतात. पाचव्या 'का'ला मी इंजिनच्या मागच्या सीलवर येऊन थांबलो. इंजिनचा मुख्य दांडा जिथून मागं गिअरबॉक्सकडं जातो, तिथं एक रबरी सील असतं. ते गेलं की तेल मागून गळतं. ते बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

संजूनं डोक्याला हात लावला. "सोमवारच्या आत?"

"आधी खात्री करू," मी म्हणालो, आणि आईची पावडर मागवली.

ही पद्धत खरीच आहे, हसू नका. इंजिन धुऊन कोरडं करायचं, त्यावर पावडर मारायची, गाडी चालू करायची. तेल जिथून येतं तिथं पावडरीवर ओली रेघ उमटते. मी इंजिनची पाठ घासूनपुसून घेतली आणि शंका होती तिथं, म्हणजे खालच्या जोडावर, अर्धा डबा रिकामा केला. जिथं शंका नव्हती तिथं पावडर कशाला वाया घालवायची? (हे वाक्य लक्षात ठेवा म्हणणार नाही, कारण मला ते विसरायचंय.) मग मी वाकून अगदी जवळ तोंड नेलं आणि संजूला गाडी चालू करायला सांगितलं.

इंजिन ढग्ग करून सुरू झालं आणि अर्धा डबा पावडर माझ्या तोंडावर आली.

रूपाली चहा घेऊन बाहेर आली, तिनं माझ्याकडं बघितलं आणि चहा जपून कट्ट्यावर ठेवला. "दादा, पावडर जरा जास्त झाली," ती म्हणाली. "कानामागची पुसा."

पण माझा निष्कर्ष निघाला होता. खालच्या जोडावर उरलीसुरली पावडर ओली झाली होती. "सील," मी जाहीर केलं. "शंभर टक्के सील." संजू आत तोंड धुवायला गेला तेव्हा मी जाता जाता पट्टी काढून बघितली. तेल खालच्या खुणेला. एवढं गळल्यावर दुसरं काय होणार? डिकीतून डबा काढला आणि ओतला. भावाचं इंजिन आजारी असताना त्याला उपाशी कसं ठेवायचं?

रविवारी सकाळी हणमंत मिस्त्री आला. हणमंत मूळचा लातूरकडचा, भोसरीत गॅरेज. चांगला मिस्त्री, पण त्याची एक कमजोरी आहे. त्याला गिअरबॉक्स उतरवायला कारण लागत नाही, नुसती परवानगी लागते. मी 'सील' म्हणालो तसे त्याचे डोळे चमकले.

"सीलच हाय की साहेब. तुम्ही म्हनायलाव म्हनल्यावर बघायचं काय त्यात?"

एका जाणकारानं दुसऱ्या जाणकाराला मान द्यावा तसं आम्ही एकमेकांना चहा दिला. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, आमच्या दुसरा आंधळाच राखत होता.

"आधी तेल काढून घिऊ," हणमंत म्हणाला. "मग गिअरबॉक्स." त्यानं इंजिनच्या तळाशी, चेंबरखाली, आपलं मोठं घमेलं सरकवलं आणि नट सोडला.

तेल आलं. धो धो आलं. घमेलं भरत आलं तसं हणमंत म्हणाला, "बास, झालंच आता." घमेलं भरलं. तेल थांबलं नाही.

"बादली दे," संजू म्हणाला.

रूपालीनं बादली आणली. बादली भरत आली. हणमंतनं वाकून वर बघितलं, मग खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी क्वालिटीतला असल्यामुळं गंभीर चेहरा केला.

"दुसरं काहीतरी आणा पटकन."

कपडे धुवायचा टब आला. त्यातले भिजवलेले कपडे रूपालीनं आधी काढले (संजूचा सोमवारसाठी धुवायला टाकलेला शर्ट तेवढा राहिला). टबातही तेल पडायला लागलं. मग आईनं पाणी तापवायचं जुनं पातेलं आणलं. हणमंत नट लावायला हात घालायचा आणि तेलाच्या धारेनं हात निसटायचा. नट कुठंतरी टबात पडला.

"तात्या," हणमंत ओरडला, "हे इंजिन हाय का हीर? गाडीत हाय का गावाला पुरवायला ठेवलंय?"

अखेर धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. अंगणात घमेलं, बादली, टब आणि पातेलं, चारही भरलेली, ओळीनं. लग्नात स्वयंपाकाला काढल्यासारखी. हणमंतनं बोट बुडवलं, वास घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, ह्यात शेंगदान्याचा वास कशाला यायलाय?"

आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. हणमंतनं हात पुसले आणि साधा प्रश्न विचारला. "ह्या इंजिनला तेल घालतंय कोन?"

"मीच," संजू म्हणाला. "दुसरं कोण? दोन दिवसांनी बघतो. कमी दिसतं. थोडं थोडं घालतो."

रूपालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी पण घालते. हे विसरतात. दमून येतात हो. मी सकाळी हे आंघोळीला गेले की बघते. रोज कमीच असतं."

संजूचं तोंड उघडं राहिलं. मग सगळ्यांची नजर तात्यांकडं गेली. तात्या विजेच्या तारेवरच्या कावळ्याकडं फार लक्ष देऊन बघत होते.

"तात्या?"

"मी घालत न्हाई," तात्या म्हणाले. "मी फकस्त पहाटं बघतो. आन बघितल्यावर कमी दिसलं तर काय डोळं मिटून घिऊ? एकदा इंजिन बसलंय माझं. तुमास्नी काय ठावं त्यो घाट."

"आणि आई, तू?"

"मी नाय बाबा त्यात पडत," आई म्हणाली. "मी आपलं शनवारी. मारुतीला घालते तेव्हा ट्रकला पन वाटीभर. गोडंतेल."

हणमंत मिस्त्री खाली बसला. त्याच्या आयुष्यात त्यानं बरीच इंजिनं उघडली असतील, पण फोडणीचं पहिलंच.

आता माझी पाळी होती. खरं तर माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं. मी निगडीला राहतो, रविवारचा पाहुणा, माझ्यावर कुणाचा संशय नव्हता. पण रूपाली तेवढ्यात माझ्या गाडीतून फडकी आणायला गेली, तिनं डिकी उघडली आणि रिकाम्या डब्यांचा एक लोंढा अंगणात गडगडत आला. एक डबा घरंगळत नेमका तात्यांच्या पायाशी येऊन थांबला. तात्यांनी तो उचलून बघितला.

"हे लई भारीतलं हाय," ते म्हणाले. त्यात माझ्याबद्दल थोडा आदरही होता.

मग हणमंतनं समजावलं. इंजिनात तेल मापापेक्षा जास्त झालं की आतला दांडा त्यात फिरतो आणि रवीनं ताक घुसळावं तसं तेल घुसळतो. फेस होतो, हवा कोंडते. ती हवा बाहेर पडायला इंजिनला एक श्वासाचा पाइप असतो. हवेबरोबर तेलही त्यातून बाहेर पडतं. आमच्या गाडीला तो पाइप इंजिनच्या पाठीमागं वर उघडतो. तिथून ओघळ खाली, थेट गिअरबॉक्सच्या जोडावर. सील ठणठणीत होतं. तेल वरून येत होतं, आणि मी पावडर मारली होती खाली. म्हणजे गळतंय बघून आम्ही घालत होतो, आणि घालतोय म्हणून ते गळत होतं. "तेल हाय म्हनून गळतंय," असं तात्यांनी पहिल्याच 'का'ला सांगितलं होतं. मी खडू खाली ठेवला.

"पर साहेब, मी बी तुमच्या नादी लागलो," हणमंत कबूल झाला. "वर बघायलाच पायजे होतं."

हणमंतनं नट शोधून लावला आणि नवं तेल मापानं भरलं, कंपनीनं सांगितलेलं तेवढंच, थेंब जास्त नाही. मग पट्टी काढली.

खालच्या खुणेला.

मोजून भरलेलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तरी कमी. मी पाहिलं, तात्यांचा हात हळूच डब्याकडं सरकत होता. रूपालीचाही. माझाही, खोटं कशाला बोलू?

"तात्या, हात मागं," हणमंत म्हणाला.

तेवढ्यात आई ओरडली. "अगं रूपे, तेल घरात चाललंय!" मघाच्या गडबडीत सांडलेल्या तेलाची रेघ ट्रकखालून निघून, शांतपणे, कुणालाही न विचारता, उंबऱ्याकडं चालली होती. आई पोतेरं टाकून ती अडवत म्हणाली, "हे असंच हाय. रस्ता नवा केल्यापासून पावसाचं पानी बी असंच आत येतं. रस्ता वर गेला आन आमी खाली."

हणमंत तिथंच उभा राहिला. संजूनं ट्रककडं बघितलं, मग उंबऱ्याकडं बघितलं. मग मलाही दिसलं. सिमेंटचा रस्ता झाल्यापासून आमचं अंगण घराकडं उतरत होतं आणि ट्रक घराकडं तोंड करून उभा होता. तोंड खाली. इंजिनातलं सगळं तेल पुढं जमायचं आणि पट्टी असते मागं. पट्टीला बिचारीला जे दिसायचं तेच ती सांगायची. पाणी घरात येतं म्हणून आम्ही नगरसेवकापासून सगळ्यांशी भांडलो होतो. तेच तेलालाही लागू आहे, हे पाच डोक्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तात्यांच्या काळात हेच अंगण सपाट होतं. त्यांची सवय खरी होती. फक्त जमीन हलली होती.

संजूनं ट्रक मागं घेऊन सपाट रस्त्यावर उभा केला. थोडं थांबून पट्टी काढली. वरच्या खुणेला, बरोब्बर.

मला वाटलं, आता संजू भडकणार. त्याला हक्क होता. कुणी हात लावायचा नाही असं त्यानं बजावलं होतं आणि घरातल्या प्रत्येकानं त्याच्या पाठीमागं त्याचं इंजिन बुडवलं होतं. तो टायरपाशी खाली बसला. गुडघ्यांवर कोपरं टेकून त्यानं ती चार भांडी एकेक करून बघितली.

"म्हणजे," तो म्हणाला, "तुम्ही सगळेच घालत होता."

आईनं हातातलं पोतेरं खाली ठेवलं.

"मला वाटायचं, ही गाडी माझ्या एकट्याच्या डोक्यावर हाय. झोप लागायची न्हाई मला. पहाटं उठून वाटायचं, आज इंजिन बसतंय का काय तात्यांसारखं. आन इथं सगळी पहाटं उठून तेल ओततायत."

रूपाली त्याच्या शेजारी जाऊन बसली. तात्यांनी पुन्हा कावळा शोधला, पण कावळा उडून गेला होता, त्यामुळं त्यांना डोळे पुसावे लागले. आई म्हणाली, "अति तिथं माती," आणि ते म्हणताना ती हसत होती.

त्या भांड्यांकडं बघताना मलाही भरून आलं. आमच्या घरात कुणी कुणाला 'तुझी काळजी वाटते' असं कधी म्हणालेलं नाही. तसं म्हणायची पद्धतच नाही. पण ती काळजी अशी घमेल्यानं मोजता येईल इतकी असेल, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी माहीत झालं, आणि मी त्या इंजिनचा मनापासून आभारी आहे. एवढं पाजूनही ते मेलं नाही, उलट आम्हा सगळ्यांना एकदम उघडं पाडलं. हणमंतचाही आभारी आहे. गिअरबॉक्स उतरवायची हातातोंडाशी आलेली संधी त्यानं सोडून दिली, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते सोपं नसतं. तो दिवसभर आमच्याबरोबर इंजिन धूत बसला. श्वासाचा पाइप साफ केला, संजूनं गाडी तळेगावपर्यंत फिरवून आणली, आणि परत आल्यावर इंजिनची पाठ कोरडी ठणठणीत होती. हळदीकुंकू ट्रकच्या मागच्या बाजूला लावलं तरी चालेल, असं आई म्हणाली. ट्रक आता रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो, आणि तेल बघायचं ते फक्त संजूनं, रस्त्यावर नेऊन. सगळ्यांनी "बरं" म्हटलं. ह्या वेळी जरा उशिरा म्हटलं, म्हणून मला खरं वाटलं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि संजूबरोबर केबिनमध्ये बसून चाकणला गेलो. धाकट्या भावाच्या आयुष्यातला असा दिवस चुकवायचा नव्हता. संजूनं नवा शर्ट घातला होता. जुन्यावर टबातल्या तेलाचा नकाशा उमटला होता.

गेटवर तोच वॉचमन. त्यानं पांढरा पुठ्ठा आणला आणि इंजिनखाली सरकवला. संजूनं गाडी चालू ठेवली. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. मी त्याला काही बोललो नाही. तोही काही बोलला नाही. इंजिन मात्र छान बोलत होतं.

वॉचमन वाकला. पुठ्ठ्याचा मधला भाग कोरा. मागचा भाग कोरा. मग तो डाव्या कडेला आला आणि तिथं थांबला. त्यानं बोट टेकवलं, उचललं, बघितलं.

"थेंब आहे," तो म्हणाला.

संजूनं डोळे मिटले. मला घरी पुठ्ठ्याच्या बातमीची वाट बघत बसलेली चार तोंडं दिसली, नाक्यावर उभा असलेला संजू दिसला आणि हणमंत गिअरबॉक्सखाली जॅक लावताना दिसला.

पण वॉचमन शहाणा माणूस. तो खाली बघत बसला नाही. त्यानं थेंबाच्या वर बघितलं. तिथं इंजिन नव्हतं, केबिनची पायरी होती. पायरी ओली. पायरीच्या वर दार. दाराच्या फटीत तेलकट रेघ. त्यानं दार उघडलं आणि रेघ माझ्या बुटावरून पँटवर, पँटवरून मांडीवरच्या पिशवीपर्यंत गेली.

पिशवीत तेलाचा डबा होता. तेल कमी पडलं तर असावा म्हणून. झाकण जरा सैल राहिलं होतं.

"गाडी ओके," वॉचमन संजूला म्हणाला. "आत घ्या. हे साहेब तेवढे इथं उतरवा. गळती ह्यांची आहे."

संजूनं माझ्याकडं बघितलं आणि इतका हसला की त्याला पहिला गिअर सापडेना. मग गाडी आत गेली, आतून त्यानं लांबलचक हॉर्न दिला, आणि मी गेटबाहेर उभा राहून खरंच आनंदानं हात हलवला. वॉचमननं फरशी खराब होऊ नये म्हणून मला त्याच पांढऱ्या पुठ्ठ्यावर उभं केलं होतं.

"साहेब, तुम्ही काय काम करता?" त्यानं विचारलं.

"क्वालिटी डिपार्टमेंटला आहे."

त्यानं माझ्या बुटांकडं बघितलं आणि आत जाऊन आणखी एक पुठ्ठा घेऊन आला.